पाण्याखाली वाजणारे बूट

पेले भरून घ्या आणि ते दार लोटा, पोरांनो. ही गोष्ट आझेनोरची, तिच्याच तोंडून ऐकलेली. थापा मारणारी बाई नव्हती ती.

बुधवार, पंधरा ऑक्टोबर. भांगाचे दिवस, भरती-ओहोटी बेताची. दुपारी ओहोटीने एनेझ वेन बेटाची फरसबंदी वाट मोकळी केली, तशी आझेनोर पाहुण्यांना घेऊन निघाली. वीस वर्षं तिचा हाच उद्योग. वाळूतून तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, उकरायला शिकवायची, खडकांवर लोळणारे सील दाखवायची, छोट्या चर्चच्या छताला टांगलेली नवसाची निळी होडी दाखवायची, आणि शेवटी लिंबू पिळून कालवं खायला घालायची. भरतीच्या वेळा बघायचं काम तिच्या धाकट्या भावाचं, रिवालचं. भरतीचा तक्ता तिने कधी उघडूनही पाहिला नव्हता. भाऊ होता ना!

बेटावर त्यांच्या आईवडिलांचं घर होतं. ते एका हॉटेलवाल्याला विकावं म्हणून रिवाल वर्षभर मागे लागला होता. आझेनोर सही करत नव्हती.

"मी मेल्यावर काय ते कर," असं म्हणून ती त्याच्या ताटात मासा वाढायची.

त्या दिवशी पाच वाजता त्याचा फोन आला.

"ताई, पाहुण्यांना आता पाठवून दे. तू मात्र थांब. वारा सुटणार आहे, घराच्या खिडक्या नीट लावून घे."

"आणि वाट?"

"नऊपर्यंत उघडी आहे."

"नऊ? नक्की ना रे?"

"आजवर चुकलोय कधी?"

"चुकला असतास तर बोलायला मी उरले असते का, शहाण्या!" हसून तिने फोन ठेवला.

पाहुणे गेले. तिने खिडक्या लावल्या, चर्चमध्ये एक मेणबत्ती लावली आणि आठला दहा कमी असताना ती परत निघाली. अंधार पडला होता. वाट दोन किलोमीटरची. वाट सरत आली तेव्हा बुटात पाणी शिरलं. तिला वाटलं, डबकं असेल.

डबकं नव्हतं.

पाणी दोन्ही बाजूंनी येत होतं. घोट्यापर्यंत. मग मांड्यांपर्यंत. मागे वळली, तर मागची वाटही गेलेली. खिशातला फोन भिजून बंद पडला होता.

समोर किनाऱ्यावरच्या धक्क्यावर एक लाल ठिपका दिसला. सिगरेट. तिथे तसा उभा राहून सिगरेट ओढणारा एकच माणूस होता.

"रिवाल! ए रिवाल! होडी काढ!"

ठिपका हलला नाही.

"रिवाल... मी आहे रे... ताई..."

ठिपका विझला.

पाणी कमरेला लागलं होतं, पण ती म्हणायची, थंडी तेव्हा वाजली नाही. तो ठिपका विझला तेव्हा वाजली.

आणि मग आवाज आला.

टक्. टक्.

लाकडी बूट दगडावर वाजावेत तसा. पुढून. जवळून. पण दगड तर कमरेएवढ्या पाण्याखाली होते...

"कोण आहे?"

टक्. टक्. थोडा उजवीकडे. ती थांबली की आवाज थांबायचा. ती निघाली की निघायचा.

ती त्या आवाजामागे चालली. छातीपर्यंत पाणी आलं. हनुवटीपर्यंत आलं. तरी पायाखाली दरवेळी दगडच लागला. एकदाही वाळू लागली नाही.

धक्क्याच्या पायऱ्यांवर ती हातापायांनी चढली. वर रिवाल. गाडीला पाठ लावून उभा. तोंड पांढरंफटक.

"तू नऊ सांगितलंस मला," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या पुढे, रिकाम्या धक्क्याकडे बघत होता.

"तुझ्यासोबत... कोण आलंय, ताई?"

तिनेही तिकडे पाहिलं.

टक्.

रिवाल गाडी तिथेच टाकून पळाला. एक बूट मागेच सोडून. तो पुन्हा कधी समुद्राकाठी दिसला नाही, आणि त्या घराचं नाव त्याने परत काढलं नाही.

सकाळी लोक धक्क्यावर जमले. रिवालची गाडी रात्री होती तिथेच, भरतीचं पाणी पोचत नाही इतक्या उंचावर. चारही दारांना कुलूप. काचा वरपर्यंत बंद. किल्ली रिवालच्या खिशात.

आत, स्टिअरिंगपर्यंत ओली वाळू भरलेली. आणि त्या वाळूत तिसऱ्या. जिवंत... उघडत होत्या, मिटत होत्या.