पुलावर थांबलेली कथा

कुणाला पटो न पटो, पण हे खरंच घडलं. आदिलाबादला, १९८९ च्या श्रावणातल्या एकादशीला, भर दुपारी.

सुधाकरराव माझे सख्खे मामा. त्यांना दोनच वेडं. कीर्तन, आणि कुणाला ठाऊक नसलेले जुने विनोदी सिनेमे.

"सगळ्याइकडं असते ते कायले जमवायचं?" म्हणायचे.

इचोडा गावच्या डोमाजीकडं असाच एक सिनेमा होता. मोठ्या लढाईनंतरचा, आयर्लंडमधल्या खेड्यातला. एक पोस्टमन आणि त्याच्या मागं लागलेली बकरी. एका परदेशी पाद्रीबाबांनी जाताना दिलेला.

इंग्रजी कुणाला कळणार? डोमाजी बाजारात पडदा लावायचा, आवाज बंद करायचा, आणि झांज घेऊन बुवासारखा गोष्ट सांगायचा. लोक हसून लोळायचे.

मामांनी ती रिळं आठ दिवसांसाठी मागून नेली.

परत दिलीच नाहीत.

डोमाजी तीनदा दारात आला. "भाऊ, तलमडुगुच्या बाजारात पोस्टमन पुलावर आला अन् लाइट गेली. कथा अर्धी ठेवू नाई. तेवढी पुरी करू द्या."

"कोणती रिळं?" मामा म्हणाले.

महिन्याभरात डोमाजी वारला.

एकादशीला मामांनी खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या. मशीन लावलं, आवाज बंद ठेवून. मामी रेणुकाबाई दारात उभी होती.

पोस्टमन हसला... बकरी धावली...

आणि खोलीत झांज वाजली.

"अन् मंग पोस्टमन पुलावर आला, मंडळी..."

डोमाजीचा आवाज!

मामांनी वायर उपटली. चित्र चालूच...

पडद्यावर पूल होता. पोस्टमन नव्हता. बकरीही नव्हती.

"बोला, पुंडलिक वरदे..."

जन्माची सवय. मामांच्या तोंडून निघून गेलं, "हारी विठ्ठल!"

झांज थांबली.

"ओ देली ना, भाऊ? आता तुमीच सांगा."

आज सात वर्षं झाली. मामा रोज दुपारी भिंतीसमोर उभे राहतात. गोष्ट सांगतात. पुलापर्यंत येतात... आणि वाचा जाते. थेट दुसऱ्या दुपारपर्यंत.

मामीनं रिळं डोमाजीच्या घरी पोचवली. विठोबाला नवस बोलली. काही फरक नाही.

"पुढं काय होते, सांगा ना वो," ती रडते.

भिंतीमागं कुणीतरी हसतं...

परवा कीर्तनात हाक आली, "बोला, पुंडलिक वरदे..."

मी तोंड उघडलं.

समोर बुवा अजून पाणीच पीत होते...

तेव्हापासून देवाचं नाव घेण्याआधी मी बुवांच्या ओठांकडं बघतो.