भात्यावरचे हात

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर शेवट तरी मनासारखा केला असता.

गेल्या मार्चमधला शनिवार. दुपारचे साडेतीन. लाँड्रीच्या वरची, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांची खोली. उजेड लख्ख. भुताला यायचंच असेल, तर याहून गैरसोयीची वेळ नाही.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, हाताची घडी घालून उभी होती. समोर तिच्या वडिलांची शंभर वर्षांची पायपेटी. मृत्युपत्रात त्यांनी घर मुलाला दिलं आणि पेटी हिला. कारणही लिहिलं होतं : 'हिला भाता मारता येतो.'

पायपेटी वाजवणारा स्वतःच्या पायांनी भाता मारतो. जगभर असंच चालतं. पण ताईच्या वडिलांचं म्हणणं, पाय हलले की सुरातलं लक्ष उडतं. म्हणून चाळीस वर्षं ताईची आई पेटीखाली बसून हातांनी पेडलं दाबायची. वेग कमी पडला, की वरून लाकडावर बोटाने... टक टक. आई आजारी असली की ताई.

आई आधी गेली. टाळ्या शेवटपर्यंत यांनाच.

"दुरुस्त करायचीच," ताईचा धाकटा भाऊ म्हणाला. "बाबांची आठवण आहे."

"तुला आठवण. मला घट्टे."

काका टॉर्च घेऊन वाकले. "भाता पार फाटलाय. सूर निघायचा नाही. लाकूड मात्र उत्तम... पण पेडलं अशी कशी झिजलीत? पायांनी सगळीकडून झिजतात. इथे नुसते दोन तळहात उमटलेत."



आणि तेवढ्यात...

टक टक.

पेटीला कुणाचाच हात लागलेला नव्हता.

ताईचे गुडघे आपोआप वाकले. पन्नाशीची बाई, कॉलेजात विभागप्रमुख... आणि गुडघे वाकले. त्याची तिला इतकी चीड आली, की घाबरायचं राहूनच गेलं.

मग डावं पेडल खाली गेलं.

सावकाश वर आलं.

मग उजवं...

फाटक्या भात्यातून नुसती धाप ऐकू येत होती. दमलेल्या बाईची.

भाऊ एव्हाना दाराशी पोचला होता.

"मेल्यावरसुद्धा?" ताई दात आवळून पेटीला म्हणाली. "मेल्यावरसुद्धा तिलाच बसवलंत?"

टक टक. या वेळी जोरात.

ताई खाली वाकली. "आई, ऊठ गं. राहू दे ते."

पेडलं थांबली... क्षणभर. मग पहिल्यापेक्षा भरभर सुरू झाली.

"काका, भाता शिवायचा नाही. पेडलं काढा. आत्ता."

"अहो ताई, मग ती पेटी कसली राहील?"

"कपाट राहील."

काकांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पेडलं काढली.

पेटी अजून तिथेच आहे. परवा काका ताईला फोनवर सांगत होते, टकटक दिवसभर चालू असते. गिऱ्हाइकांना ते खालच्या लाँड्रीचं नाव सांगतात.

"वाजवू दे," ताई म्हणाली. "बोटं मोडेपर्यंत वाजवू दे."



पेडलं काढली, ते ठीकच. पण त्याने आई उठली... की अजून तशीच खाली बसून आहे, हे कळायला आता काही मार्गच उरलेला नाही.