दुसरा खंड

"पोटातलं ओठी येऊ दे गं बाई, झाकल्या दिव्याचा उजेड पडत नाही..." लहानपणी वेणी घालता घालता आत्या गुणगुणायची. आज विधी ग्रंथालयातल्या शिडीवर उभ्या असलेल्या तरुण ग्रंथपालबाईला तोच आवाज आठवला.

संविधान दिन रविवारी आला होता. कोर्टं बंद, ग्रंथालय मात्र सगळ्यांना खुलं. दरवर्षी संविधानसभेतल्या चर्चांचा एक खंड मधल्या टेबलावर मांडायचा, पाहुण्यांनी त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, असा इथला रिवाज. यंदा दुसऱ्या खंडाची पाळी. पाहुण्या न्यायाधीशबाई येऊन बसल्यासुद्धा होत्या, आणि खंड जकातीच्या कायद्यांमागे नव्हता.

खरं तर तिथं तो असायलाच नको होता. पण एक वकील रोज तोच मागायचा. जागेवर असता तर त्यानं आपला आपण काढून घेतला असता... म्हणून ही रोज संध्याकाळी तो तिथं दडवायची. सकाळी त्यानं विचारायचं, हिनं शोधल्यासारखं करायचं, दोघांनी कपाटांमधून हिंडायचं. तेवढंच.

"मिळाला का?" मुख्य ग्रंथपालांनी हाक दिली. "की बाईंना कॅलेंडर वाचायला देऊ?"

"आलेच, सर."

शिडी डुगडुगली, आणि कुणीतरी धरली. वकीलच. खांद्याला प्रवासाची बॅग. दुपारच्या गाडीनं तो दूरच्या कोर्टात निघाला होता, कायमचा.

"घामाघूम झालात. काय हरवलं?"

"तुमचाच लाडका."

"सगळीकडे पाहिलंत?"

"सगळीकडे."

"त्याच्या स्वतःच्या जागी?"

तिनं मान वळवली. पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये दुसरा खंड शहाण्यासारखा बसला होता.

"काल तुम्ही गेल्यावर मीच ठेवला," तो म्हणाला. "आज तुमच्या अंगाशी यायला नको."

"म्हणजे... तुम्हाला जागा माहीत होती?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग रोज विचारत का होतात?"

"वकील आहे. उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारत नाही." तो हसला, पण बोटं बॅगेचा पट्टा पिळत राहिली. "एक राहिलाय... त्याचं उत्तर काही कळलेलं नाही."

तेवढ्यात पुन्हा हाक आली. ती खंड छातीशी धरून धावली. न्यायाधीशबाई वाचू लागल्या. हिला एक अक्षर ऐकू येईना. वकिलानं घड्याळ पाहिलं, दबक्या पावलांनी दाराकडे वळला...

या खोलीत तिनं कधी आवाज चढवला नव्हता.

"वकीलसाहेब, थांबा."

वाचन थांबलं. माना वळल्या.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "आता उत्तर माहीत झालं... विचारा."