भर उन्हात हीटर

"हात मागे घ्या! ते झाकण उघडलंत तर तोंड भाजेल!"

ती दचकली. भर दुपारी रस्त्याच्या कडेला तिची जुनी मोटार वाफा सोडत उभी होती, ओढणी गुंडाळलेला हात रेडिएटरवर... आणि समोरच्या गॅरेजातला मेकॅनिक धावत येत होता.

"डिकीत रक्ताचे नमुने आहेत हो," ती रडकुंडीला आली. "बर्फ वितळायच्या आत लॅबमध्ये पोचवायचेत."

"म्हणजे नमुन्यांना बर्फ आणि तुम्हाला झळा? बरा न्याय आहे!"

इंजिन जरा निवल्यावर त्यानं पाणी भरलं. "पुन्हा हा उष्णतेचा काटा चढला तर हीटर लावा. पूर्ण."

"या उन्हात? थट्टा करताय गरिबाची!"

"देवाशपथ. इंजिनाची आग हीटर आत ओढून घेतो. आपण भाजतो, पण मोटार पोचते."

त्या दिवसापासून मोटारीला रोज काही ना काही होऊ लागलं.

"आज कुठला आवाज, बर्फवाली?"

"तुम्हाला ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?" खोटं बोलताना ती कानापर्यंत लाल व्हायची. तो निमूट बॉनेट उघडायचा, न सापडणारा आवाज शोधायचा आणि जाताना ओला टॉवेल पिळून तिच्या मानेवर टाकायला द्यायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

ऐन उन्हाळ्यात दूर गावी त्याचा थोरला भाऊ वारला. मागे वहिनी, दोन लहानगी आणि भावाचं कुलूप लागलेलं गॅरेज. त्याला जाणं भाग होतं. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील. तिला राहणं भाग होतं. 'चल' असं तो म्हणाला नाही, 'थांब' असं ती म्हणाली नाही.

स्टेशनवर सोडायला मात्र तीच निघाली. अर्ध्या वाटेत काटा चढू लागला.

"थांबव," तो म्हणाला. "ट्रेन चुकली तर चुकली. पुढची चार दिवसांनी आहे."

"आणि चार दिवसांनी?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तू थांब म्हणालीस तर... तेव्हाही नाही जाणार."

तिच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. पण सकाळी त्याच्या फोनमधून कानावर पडलेला वहिनींचा आवाज आठवला — "भाऊजी, पोरं उंबऱ्यावर बसून आहेत हो." तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"अगं वेडे, काय करतेस?"

"तूच शिकवलंस ना?"

भट्टीसारखा वारा अंगावर आला. त्यानं बाटलीतलं उरलंसुरलं पाणी टॉवेलवर ओतलं, तो तिच्या मानेवर ठेवला, आणि हात तिथेच राहू दिला. काटा हळूहळू खाली आला.

स्टेशनात ट्रेन उभीच होती.

"डोळ्यांना पाणी?"

"घाम आहे."

"डोळ्यांना घाम येत नाही, बर्फवाली."

"माझ्या डोळ्यांना येतो." तिनं मान वर केली. "जीव जडलाय माझा तुझ्यावर. हे सांगायचं होतं... थांबवायचं नव्हतं."

"ठाऊक होतं गं," तो कसाबसा म्हणाला. "मोटारीला कुठलाच आवाज नव्हता."

ट्रेन दिसेनाशी झाल्यावर ती परतली. टॉवेल वाळून खडखडीत झाला होता. घडी करून तिनं तो शेजारच्या सीटवर ठेवला. हीटर बंद केला, चारही काचा उतरवल्या.

तरी आत जराही गार वाटलं नाही.