अळणी पेज

"पुन्हा अळणी. वकील निघाले मिठाचा तह करायला आणि घरच्या पेजेत मिठाचा खडा नाही," वकिलांचे धाकटे भाऊ भिकोबा वाडग्यातच पुटपुटले.

उमाबाई वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकुलता मुलगा पुरसो परत येईतो मीठ वर्ज्य, असं त्यांचं व्रत होतं, आणि चूल एकच. पुरसो फिरंग्यांच्या कोटात पाहुणा आहे, असं घरात सगळे म्हणत. दुसरा शब्द कोणी तोंडातून काढत नसे.

बाहेर सावळगडाच्या बुरुजावर उजाडत होतं. ज्यांच्या पांढऱ्या राशींवर सारा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या जगला, आणि फिरंगी गलबतांतल्या स्वस्त मिठामुळे ज्यांना आता कुत्रं विचारीत नव्हतं, ती खाडीकाठची मिठागरं त्या उजेडात ओकीबोकी दिसत होती. सावळगडाचे वकील नारो शेणव्यांनी पगडी चढवली. बायकोकडे न बघता ते गड उतरले.

खाडीच्या दांड्यावर शामियाना होता. फिरंग्यांचा दलाल लिंगू कामत, नारोपंतांचा लहानपणचा सवंगडी, कप्तानाशेजारी बसला होता.

"कप्तानसाहेब आपला स्नेह इच्छितात. आमच्या मिठावरील जकात निम्मी व्हावी."

"स्नेह आम्हांसही प्रिय आहे. परंतु जकात पुरी बसेल. मान्य नसल्यास आमच्या घाटातून कोटाकडे तांदळाचा दाणा उतरणार नाही."

मग दस्तुराप्रमाणे शेला पसरला. नकाराने चारचौघांत कोणाची मान खाली जाऊ नये, म्हणून अखेरचा आकडा दलाल शेल्याखाली बोटं दाबून ठरवीत.

लिंगूने बोटं दाबली नाहीत. नारोपंतांच्या तळव्यात ताईत आला. उमाबाईंनी पुरसोच्या गळ्यात बांधलेला, त्यांच्याच हातच्या गाठींचा.

"विचार कर, नारबा," लिंगू मान खाली घालून म्हणाला.

नारोपंतांनी ताईत त्याच्या मुठीत परत ठेवला आणि वरून पाचही बोटं दाबली. पुरी जकात.

"त्याच्या गळ्यात परत बांध," ते हलकेच म्हणाले.

कप्तानाने सही केली. भूक कोणत्याही राजाची असो, तिला भात लागतो. पण दुपारच्या ओहोटीला कोटाखालून एक जहाज दर्यापार निघालं, आणि त्यावर पुरसो होता.

मिठागरांत ढोल वाजले. आगऱ्यांनी वकिलांच्या घरी मानाची मिठाची पाटी पाठवली. जहाजाची बातमी तिच्या आधीच पोचली होती.

"पाहुणचार लांबला असेल," भिकोबा म्हणाले. "दर्या फिरवून आणतील पोराला."

नारोपंत पानावर बसून होते. उमाबाईंनी पाटीतला एक खडा त्यांच्या पेजेत टाकला, एक स्वतःच्या, आणि घोट घेतला.

"जेवा," त्या म्हणाल्या. "पाहुणा नव्हता तो, ओलीस होता. आता यायचा नाही."