कृष्णातला कप्तान कुणी केलं?

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पांढऱ्या जर्सींचा नुसता दंगा चालला होता, आणि त्या दंग्याच्या मधोमध एक उंच तरुण, पांढरीच जर्सी घालून, सुतकात बसल्यासारखा बसला होता. पिंपळपार मंडळानं गोल केला की तो उठायचा, टाळ्या वाजवायचा आणि परत खाली बसायचा.

अवंतिकाला राहवलं नाही. “तुमचीच टीम जिंकतेय ना? मग तोंड असं का?”

“ही माझी टीम न्हाय.”

“मग ही जर्सी?”

“शिक्षा हाय, पावणं...” तो तिच्याकडं वळला आणि अडखळला. “म्हणजे... मॅडम.”

त्याचे कान लाल झाले. मोठ्या आवाजाच्या माणसाचे कान असे पटकन लाल होतात, हे अवंतिकाला फार गोड वाटलं.

अवंतिका मूळची जयसिंगपूरची. कोल्हापुरात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. पिंपळपारचा स्ट्रायकर कृष्णात याचा गुडघा तिनं हिवाळाभर व्यायाम करून घेऊन उभा केला होता, आणि तो मैदानात टिकतो का, एवढंच बघायला ती फायनलला आली होती. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. मध्यंतरात मात्र शेजारच्या या शिक्षा झालेल्या गड्यानं तिला सगळी कहाणी सांगितली.

त्याचं नाव राजवर्धन. दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान, आणि माणूस आतून-बाहेरून दत्तकट्टा तालमीच्या फुटबॉल टीमचा. म्हणजे तांबडी जर्सी, आणि पिंपळपारशी पिढीजात खुन्नस!

कॉलेजात असताना ही मित्रमंडळी सगळ्या जगासारखी मोबाइलवर परदेशी खेळाडूंच्या टीम लावायची. एकदा चहाच्या गाड्यावर आदर्श म्हणाला, “त्या गोऱ्यास्नी आपुन म्हाईत तरी हाय का? ज्याच्या मांडीला मांडी लावून मिसळ खातोय त्येलाच घिऊया की टीममदी!” झालं. कट्टा लीग सुरू झाली. ज्यानं त्यानं दर फेरीला कोल्हापूरच्या पेठांतले पाच खेळाडू निवडायचे, त्यातला एक कप्तान करायचा आणि मॅच बघून गुण मांडायचे. धवल पुढं वकील झाला, तरी गुणांचा हिशोब त्याच्याकडंच राहिला. ग्रुपवर तो न्यायाधीशाच्या थाटात निकाल द्यायचा आणि सगळे त्याला शिव्या घालायचे. आदर्श यंत्रमाग चालवायला इचलकरंजीला गेला, कुणाची लग्नं झाली, कुणाला टक्कल पडलं. कोरोनात मैदानं बंद पडली तेव्हा या लोकांनी जुन्या मॅचवर भांडून हंगाम काढला, पण लीग काही मोडली नाही.

आणि शिक्षा? जो शेवटचा येईल त्यानं फायनलला वैऱ्याची जर्सी घालून वैऱ्याच्या गॅलरीत बसायचं. त्यांच्या प्रत्येक गोलला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आदर्शनं तर ही शिक्षा स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी भोगली होती.

“आणि तुम्ही कसे शेवटचे आलात?”

“मी बऱ्याचदा येतो,” राजवर्धन अभिमानानं म्हणाला. “पिंपळपारचा गडी मी कधी घेतला न्हाय, घेणार बी न्हाय. त्यापरास शेवटचा आलेला बरा.”

एवढा हट्टी माणूस... अवंतिका त्या संध्याकाळी खोलीवर गेली तरी मधूनमधून हसत होती.

त्याच पावसाळ्यात लीगमधला पृथ्वीराज नोकरीसाठी मस्कतला गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. दुकानात स्कूटीचा आरसा बदलायला आलेल्या अवंतिकाला राजवर्धननं विचारलं, “येताय काय लीगमदी? फकस्त एक नियम हाय. आधी सांगायचं, तुम्ही कुठल्या तालमीच्या.”

“पिंपळपार.” ती लगेच म्हणाली. “माझा पेशंट आहे तिथं.”

त्यानं कपाळावर हात मारला. मग मुकाट्यानं आरसा बसवला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. “मागचं दिसतंय का नीट?”

“तुम्ही दिसताय.”

“...मग बरोबर बसलाय.”

तो आरसा पुढं सारखाच हलायला लागला. खरं सांगायचं तर अवंतिकाच जाता-येता त्याला धक्का द्यायची. एरवी ती सरळमार्गी मुलगी होती, पण एवढं पाप तिनं मन लावून केलं. दर आठवड्याला दुकानात जायचं, आरसा बसवून घ्यायचा, कुणाला कप्तान करावं यावरून वाद घालायचा. “डॉक्टर, तुमचा कृष्णात गुडघ्यावर न्हाय, नशिबावर खेळतोय,” तो म्हणायचा. ती म्हणायची, “आणि तुमचा गोलकीपर? तो तर कशावरच खेळत नाही.” तांबड्या गॅलरीत बसायची आपल्याला भीतीच वाटते, असंही ती एकदा बोलून गेली. कधी तुम्हीचं तू झालं, दोघांनाही कळलं नाही.

मात्र खरं बोलायची वेळ आली की गॅलरी दणाणून सोडणाऱ्या या गड्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. “अवंतिका, एक सांगायचं व्हतं...” म्हणायचा, आणि मग गाडीत हवा कमी आहे असं काहीतरी सांगायचा. ती घरी जाऊन उशीला बुक्के मारायची.

एप्रिलमध्ये जयसिंगपूरहून तिच्या आईचा, माईचा फोन आला. पुण्याचं स्थळ होतं, मुलगा चांगला होता, अण्णांना पसंत होता. “सोमवारी पाहुणे येताहेत. हो की नाही, ते आधी कळव बाई. माणसं ताटकळत ठेवू नयेत.”

“फायनलपर्यंत थांब ना, माई.”

“कसली फायनल?”

रविवारची फायनल ही शेवटची संधी होती, एवढंच तिला कळत होतं. तोपर्यंत तो बोलला नाही तर ती स्वतःहून विचारणार नव्हती. तिलाही थोडा हट्ट होताच. त्याच्याच संगतीत वाढलेला.

लीगमध्ये तळाला दोघं बरोबरीत होती, राजवर्धन आणि ती. सेमीफायनलच्या फेरीत नियमाप्रमाणं फक्त कप्तानाचे गुण धरायचे, आणि कप्तानाचं नाव दुपारपर्यंत गुपचूप एकट्या धवलला पाठवायचं. मोबाइल हातात घेऊन अवंतिका बराच वेळ बसून राहिली. आणि तिला सुचलं. आपण शेवटचं आलो तर? तांबडी जर्सी घालावी लागेल. तांबड्या गॅलरीत, त्याच्या पेठेत, एकही मॅच न चुकवणाऱ्या त्याच्या आईशेजारी बसावं लागेल. एवढ्यानंही त्याला समजलं नाही, तर... तर मग पुणं काही वाईट शहर नाही.

तिनं नाव पाठवलं. कृष्णात.

कृष्णातला आदल्या मॅचमध्ये लाल कार्ड मिळालं होतं. एका मॅचची बंदी, म्हणजे सेमीफायनल तो खेळणारच नव्हता. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? दुसऱ्याच दिवशी तो मान खाली घालून दवाखान्यात आला होता, “चुकलं मॅडम,” म्हणत.

संध्याकाळी दोन्ही सेमीफायनल संपल्या. तांबडे जिंकले, पांढरेही जिंकले. ग्रुपवर धवलचा निकाल आला.

“अवंतिका, कप्तान कृष्णात, शून्य गुण. राजवर्धन, कप्तान कृष्णात, शून्य गुण. दोघंही शेवटी. दोघांनाही शिक्षा.”

मग आदर्शनं इचलकरंजीहून लिहिलं, “राज्या, पिंपळपारचा गडी? तू? डोस्कं फिरलं काय? आनि त्येला तर लाल कार्ड हाय!”

अवंतिका ते पुन्हा पुन्हा वाचत होती. त्या लाल कार्डावर राजवर्धन गॅलरीत नाचला होता. तिनं स्वतः पाहिलं होतं. त्याला माहीत नसणं शक्यच नव्हतं...

रविवारी फायनल. ढग दाटून आले होते, वळवाचा पाऊस पडू का नको म्हणत होता. अवंतिका तांबडी जर्सी घालून तांबड्या गॅलरीत गेली. राजवर्धनच्या आईनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं, शेंगदाण्याची पुडी पुढं केली आणि रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. समोर, मैदानापलीकडं, पांढऱ्यांच्या गर्दीत तो बसला होता. गेल्या वर्षीच्याच जागी.

मध्यंतरात तिनं फोन लावला.

“दिसतोयस मला. तोंड असं का?”

“हितनं तू लई लांब दिसतीयास.”

तिनं डोळे मिटले. “कृष्णातला कप्तान का केलंस? खरं सांग. गाडीतली हवा सांगू नकोस.”

पलीकडं ढोल वाजत होते. त्यानं फोन तोंडाजवळ धरला. “तूच म्हणालीवतीस न्हवं, तांबड्या गॅलरीत बसायचं भ्या वाटतंय म्हणून? मी म्हणलं, मीच येतो शेवटचा. शून्य नक्की मिळंल असा योक त्योच हुता.” आवाज बारीक झाला. “तुझ्यासाठी त्या पिंपळपाऱ्याला बी कप्तान केला, अवंतिका. आता ह्याच्या फुडं काय सांगू? आवडतीस तू मला. लई आवडतीस. आनि तू का केलंस?”

“मला तुझ्या आईशेजारी बसायचं होतं.”

मैदानापल्याड एक पांढरी जर्सी उभी राहिलेली दिसली.

“राजवर्धन... उद्या घरी पाहुणे येणार आहेत. मला बघायला. माईला काय सांगू?”

“सांग, पावणं बदललं म्हणून. उद्या मी येतो जयसिंगपूरला. आईला घिऊन.”

शेजारी शेंगदाणे सोलणारे हात थांबले. फोनमधला आवाज एवढा मोठा होता, की अर्ध्या गॅलरीनं ऐकलं असावं. अवंतिकाची वर बघायची हिंमत झाली नाही. त्याच्या आईनं फक्त पुडीतले उरलेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले आणि मैदानाकडं बघायला लागली.

उत्तरार्ध सुरू झाला. टपोरे थेंब पडायला लागले. आणि कृष्णात, तिच्या हातून बरा झालेला गुडघा घेऊन, दोघांना चकवून पुढं घुसला. गोल! पांढऱ्या गॅलरीत राजवर्धननं शिक्षेच्या टाळ्या अशा काही वाजवल्या, की पिंपळपारवालेही बघत राहिले.

आणि अवंतिका? सगळं विसरून, अंगात तांबडी जर्सी असताना, भर तांबड्या गॅलरीत ती उडी मारून उभी राहिली. “शाब्बास, कृष्णात!”

सगळी पेठ तिच्याकडं वळली. त्याच्या आईनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं.

“बस खाली, सूनबाई. मार खाशील.”