आरशामागचं थोपटणं

आरसा तिनेच शोधून काढला. न्हाणीघरातला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. कुठलाही चालेल, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या.

छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राने नवऱ्याचा डावा हात कोपरापासून नेला होता. पण नसलेल्या हाताची मूठ मात्र आवळलेलीच राहिली. नखं तळव्यात रुततात म्हणून तो कळवळायचा. त्यावर हा उपाय. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, तुटका हात त्यामागे लपवायचा, उजवा पुढे धरून मूठ उघडायची. आरशात डावाच दिसतो, मन फसतं, मूठ सुटते. पथ्य एकच: आरसा उचलण्याआधी आरशात दिसणारा हात मांडीवर परत आणायचा, अर्धवट सोडायचा नाही. का, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण शिकल्यासवरल्या बाईने किती भाबडे प्रश्न विचारायचे, म्हणून ती गप्प बसली.

सोमवारी तिची रजा संपत होती, आणि तान्ही लेक त्याच्यावर सोपवून जायची होती. घोर होता तो त्याचाच. एका हाताने शर्टाची बटणं लावायला तो शिकला, चहा करू लागला. पण लेक रडली की भिंतीकडे तोंड करून पडायचा. पाडेन मी तिला, एवढंच म्हणायचा. दाढी वाढलेली, आंघोळीला रोज विनवण्या. आणि ही तीनतीनदा गॅस बंद आहे का बघणारी, झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरणारी. म्हणजे दोघांत मिळून शहाणं असं कुणीच नव्हतं.

एका दुपारी तो आरशापुढे बसला असताना लेक किरकिरत होती. तिने तिला आरशामागे, त्याच्या तुटक्या हाताच्या बाजूला गादीवर टाकलं. आरशात बघता बघता नवरा मूठ उघडायची सोडून थोपटायला लागला. दोनदा चटकन, एकदा सावकाश. किरकिर थांबली.

तिने वाकून मागे पाहिलं. तुटका हात निश्चल होता. खाली झबल्यावर मात्र खळगा पडत होता. दोनदा चटकन, एकदा सावकाश.

तिने आरसा हिसकून घेतला.

नवरा गादीकडे बघत राहिला. “हात राहिला की गं तिथंच,” तो म्हणाला.

त्याचं दुखणं त्या क्षणी गेलं. पण हात परत आला नाही. स्वयंपाकघरात बसून तो सांगायचा, ओली झालीये. अंग तापलंय बघ. ती धावत जायची, आणि तसंच असायचं. मग तो स्वतःच उठायला लागला, लेकीला खांद्यावर घ्यायला लागला. दाढी केली. कायद्याचे हात लांब असतात म्हणतात, आता नवऱ्याचेही, असं म्हणून कितीतरी दिवसांनी हसला. हात परत बोलवायला तिने आरसा एकदा मांडला खरा, पण मन लावून नाही. भूत म्हणावं तर घरातलंच होतं. शिवाय सोमवार तोंडावर आला होता.

रविवारी दुपारी ती भांडी घासत होती. तो ताट छातीशी टेकवून पुसत होता. लेक आतल्या खोलीत झोपली होती, घरात चौथं कुणी नव्हतं. पुसता पुसता तो थांबला.

“अगं... तुझे हात कुठे आहेत?”

तिने दोन्ही वर केले. कोपरापर्यंत फेस.

“मग तिथं, माझ्या डाव्या हातावर हा कुणाचा...” त्याचा आवाज खाली आला. “गार आहे.”

“काय करतोय?”

“बोटं सोडवतोय माझी... एकेक करून.”

ताट फरशीवर पडलं. दोघं आत धावले. दारातच तो कळवळून वाकला, तुटका हात पोटाशी धरून. त्याची मूठ परत आली होती, आवळलेली.

लेक शांत झोपली होती. झबल्यावर खळगा पडतच होता. सावकाश. सावकाश. सावकाश.

तिने झडप घालून लेकीला उचललं, छातीशी घट्ट धरलं. इवल्या पाठीवर तिचे दोन हात होते, वरून त्याचा उजवा. आणि त्या तिन्हींवर काहीतरी गार, अगदी मायेने, थोपटत राहिलं.